कळव्याच्या शिवेचा दगड

मोजता येत नाही त्यावर माझा विश्वास नाही. वडील मोजणी खात्यात होते, मी त्याच खात्यात नकाशे उतरवतो. घरात भुताखेतांची गोष्ट निघाली की तात्या, म्हणजे माझे वडील, "किती हात लांब होतं?" एवढेच विचारत आणि सांगणारा गप्प होई. मी आज एकोणपन्नास वर्षांचा आहे. गंडे-अंगारे यांच्या वाटेला कधी गेलो नाही. तरीही पुढील हकीकत आपल्या मासिकाच्या वाचकांपुढे ठेवतो, कारण ती माझ्या नोंदींवरून लिहिली आहे आणि नोंदीत मी चूक राहू देत नाही.

आमचे घर ठाण्यात. खाडीकाठच्या चेंदणीकडून तळ्याकडे येताना डाव्या हाताचे अकरावे. मुंबईत प्लेग येण्याच्या दोनेक वर्षे आधीची गोष्ट. तात्या तेव्हा अडुसष्ट वर्षांचे होते. सत्तावीस वर्षे त्यांनी साखळी धरून ठाणे-कल्याणकडची गावे मोजली होती. कोणत्याही गावाचे नाव घ्या — शिवेवर दगड किती, कोणता बाभळीखाली, कोणता ओढ्यात वाहून गेला — सगळे तोंडपाठ.

सुरुवात श्रावणात झाली. कल्याणच्या उत्तरेला, उल्हास नदीकाठी एक गाव आहे. तिथला एक शेतकरी बांधाबद्दल विचारायला आला, तर तात्या म्हणाले, "असं गाव नाही."

"तात्या, तुम्हीच मोजलंत ते," मी म्हटले.

"दामू, मी मोजलं असतं तर मला ठाऊक नसतं का?"

चिडले नाहीत. नेहमीच्या सुरात बोलले. म्हणूनच मला भीती वाटली.

पंधरवड्यात कल्याण आठवणीतून गेले. मग चोळे, मग डोंबिवली. रोज सकाळी त्यांचे स्नान झाले की मी वीस गावांची नावे विचारू लागलो, क्रम रोज बदलून. आठवले तिथे रेघ, नाही तिथे फुली. दसऱ्याच्या सुमारास त्या फुल्या लाल शाईने नकाशावर उतरवल्या आणि हात थांबला. फुल्या विखुरलेल्या नव्हत्या. शिवेला शीव धरून येत होत्या... दिवा, मुंब्रा. मधले एकही गाव सोडून पुढचे गेले नव्हते. जे उशिरा शिकले ते आधी गेले म्हणावे, तर तसेही नव्हते. डोंबिवली त्यांनी नोकरीच्या शेवटी मोजली होती, मुंब्रा पहिल्याच वर्षी, बाकीची मधे कधीतरी. नकाशा तर मी त्यांना दाखवलाच नव्हता.

आणि फुल्यांचा रोख आमच्या घराकडे होता. त्या घरात मी होतो.

सरकारी दवाखान्यातले डॉक्टर ओळखीचे. त्यांनी तात्यांना तपासले आणि मला बाजूला घेऊन विचारले, "घरी दूध विरजता ना? एक चमचा विरजण पातेलंभर दुधाला आपल्यासारखं करून सोडतं. तसंच काहीसं आहे. मेंदूच्या पेशींत अंड्याच्या पांढऱ्यासारखं द्रव्य असतं, प्रोटीन म्हणतात. ते एखाद्या जागी बिघडतं, आणि बिघडलेलं शेजारच्या चांगल्याला बिघडवतं. त्याच्या गुठळ्या साचतात, ती पेशी मरते, मग तिच्या पलीकडची. अशा रोग्याच्या मेंदूत सूक्ष्मदर्शकाखाली मी डाग पाहिले आहेत. बाकी सगळा माझा तर्क."

"आणि दह्याचं परत दूध?"

"तुमच्या घरात झालंय कधी?"

मी नकाशा पुढे केला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला. "शेजारी पसरतं असं मी म्हटलं खरं," ते म्हणाले, "पण मेंदू म्हणजे तालुक्याचा नकाशा नव्हे. चोळ्याच्या पेशीशेजारी डोंबिवलीची पेशी कोण नेऊन बसवेल?"

आश्विन संपता संपता कळवा गेला. आता मधे फक्त खाडी. मोजणीत खाडी हीच हद्द धरतात, पाण्यात दगड पुरत नाहीत. इथे थांबेल, असे मी मनाशी म्हटले. आणि खरोखर थांबले. कार्तिक, मार्गशीर्ष, पौष... ठाण्यात एकही फुली नाही. तात्या तळ्यावर फिरायला जात, नीट परत येत, "दामू, दार लोटलंस का?" म्हणून विचारत. नव्वद दिवस.

"खाडीनं अडवलं म्हणायचं," आमचे कुटुंब म्हणाले. "आता उगीच त्याला हात लावू नका."

मी हात लावला.

कळव्याच्या काठावर तात्यांनी स्वतः पुरलेला शिवेचा दगड आहे. त्यावर त्यांच्या हातची खूण आहे. ती बोटांना लागली तर एखादे वेळी गेलेले परत येईल, असे माझ्या मनाने घेतले. माघातल्या एका दुपारी चेंदणीच्या ओळखीच्या नाखव्याची होडी ठरवली.

"तात्या, कवरे दिसांनी आलाव खारीवर," तो म्हणाला. "आज पाणी मोजाचा का?"

"तुला बुडवून बघावं लागेल, त्याशिवाय खोली कशी कळणार?" तात्या म्हणाले, आणि दोघेही हसले.

दगड सापडला. तात्यांच्या हातावर मी माझा हात ठेवला आणि खूण चाचपायला लावली.

"हा कुणी पुरला, तात्या?"

त्यांनी खुणेतली माती बोटाने काढली. "ज्यानं पुरला त्याला काम येत होतं," म्हणाले.

त्याच होडीने परतलो.

तिसऱ्या दिवशी चेंदणीवर फुली पडली. मग आमच्या रस्त्यावरची घरे, चेंदणीच्या बाजूने एकेक. पहिले, दुसरे, तिसरे... ज्यांच्याशी चाळीस वर्षे पाटाला पाट लावून जेवले, ते कोण, म्हणून विचारू लागले. फाल्गुनात दहावे घर गेले. त्या दिवशी मी नावे विचारायची बंद केली.

दुसऱ्या सकाळी स्नान झाल्यावर ते ओटीवर येऊन माझ्यासमोर उभे राहिले. माझ्या बोटांवरची शाई पाहिली.

"आपण मोजणीवाले का?"

"हो."

"मग मला माझ्या घरी पोचवा. तुम्हांला शीव ठाऊक असेल."

त्यानंतर ते सात महिने होते. मला 'दामू' म्हणून पुन्हा हाक मारली नाही.

डॉक्टरांचे मत असे की हा रोग मधेच थबकतो आणि पुन्हा चालू लागतो, होडीचा त्याच्याशी संबंध नाही. मी ते मानतो. मात्र फुल्या शिवेला शीव धरून का आल्या, आणि नव्वद दिवस खाडीपाशी का थांबल्या, याचा खुलासा त्यांच्यापाशी नाही. माझ्यापाशीही नाही.

लिहिलेले आज वाचून पाहिले तेव्हा ध्यानात आले की पहिल्या गावाचे नाव घालायचे राहिले आहे. तिथे मी स्वतः दोनदा गेलो आहे. लेखणी धरून बराच वेळ बसलो. शेवटी आत हाक मारून विचारले.

"शहाड," चुलीपाशी बसूनच कुटुंबाने सांगितले. "असं काय विचारता?"

काही नाही, म्हटले. नाव इथे लिहिले आहे. नकाशाची एक कोरी प्रत उतरवून ठेवली आहे. उद्या सकाळपासून नावे कुटुंबाने मला विचारायची, क्रम रोज बदलून.