हातोडा भिजवायचा राहिला

घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्या माझ्यासारख्याने आठवणी लिहाव्यात हे धाडसच आहे, वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावे. पण खानावळीत बाभळीच्या ओल्या सरपणाचा वास आला की चार वर्षांपूर्वीचा तो उन्हाळा आठवतो. गावात रबरी चाकांच्या बैलगाड्या आल्या होत्या आणि सुतार असलेल्या माझ्या बाबांकडे लाकडी चाक करायला कोणी येईना. अशात चिखलीच्या एका शाळेत कायमचा सुतार हवा असल्याचे कळले. "हातोडा पाण्यात ठेवजो रे," बाबा आदल्या संध्याकाळी म्हणाले, कारण उन्हाळ्यात बाभळीचा दांडा वाळतो आणि हातोडा ढिला होतो. मॅट्रिकच्या अभ्यासात मी विसरलो, आणि सकाळी सांगायची हिंमत झाली नाही. मीही बाबांबरोबर गेलो. शाळेत त्यांचा हात पाहायचा म्हणून काचेच्या कपाटाला सागाची बारीक पट्टी ठोकायला दिली. बाबांनी खिळ्यांची डोकी चपटी केली, टोकांना साबण लावला आणि तीन खिळे असे बसवले की लाकडात दिसेनात. चौथ्याला हातोडा दांड्यावरून निसटला आणि काच फुटली. "मिस्त्री, हातोडा सांभाळता येत नाही, शाळा काय सांभाळाल?" हेडमास्तर हसले. "चुकी मायीच हाय साहेब, दांडा भिजवाचा राह्यला. अजून एक डाव पाहा, हात जोडतो." मी शेजारीच उभा होतो, पण तोंड उघडले नाही. हेडमास्तर म्हणाले, कळवतो. हातोडा भिजवायचे काम मला सांगितले होते, हे बाबांनी आजवर कधी बोलून दाखवलेले नाही. मी कॉलेजात आल्यावर, त्यांनी शेजाऱ्याकडून लिहून घेतलेले कार्ड आले: "शाळेनं दुसरा मिस्त्री ठेवला. मी जिनिंगात कापसाच्या गाठी उचलाले जाऊन राह्यलो. तू घोर करू नको."