घडीखालचा कोकमी

सुहासिनीताई देवस्थळींच्या दुकानात 'चालेल' म्हणायला बंदी आहे. तशी पाटी लावलेली नाही. पण एकदा म्हणून पाहिलेला माणूस पुन्हा म्हणत नाही.

दुकान नाहूर स्टेशनपासून चार मिनिटांवर, एका सोसायटीच्या जिन्याखाली. आत एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, दोन स्टुलं आणि ताई. एका वकिलांकडे त्यांनी तीस वर्षं टायपिंग केलं. वकील गेल्यावर ही जागा घेतली. आता लग्नाचे बायोडाटा, सोसायटीच्या नोटिसा आणि घरगुती लोणची-पापडवाल्यांची लेबलं, सगळं वर्डमध्ये करून देतात. कामात विशेष काही नाही. विशेष आहे ते रंगाचं.

"जरा लाल करा ना," गिऱ्हाईक म्हणतं.

"कुठला लाल?"

"लाल म्हणजे लालच की!"

"कुंकू लाल, गाजर लाल, एसटीही लाल. डोळे आहेत तुम्हाला, की शर्टाची बटणं लावलीत तिथे?"

माणूस रागावून जातो आणि दोन दिवसांनी परत येतो. कारण ताईंनी एकदा दिलेला रंग वर्षानंतरही तोच येतो. पडद्यावरच्या रंगावर त्यांचा काडीचा विश्वास नाही. "पडदा उजेडाने रंगवतो, प्रिंटर शाईने. दोघांची सोयरीक आपण जमवायची असते." म्हणून त्या रंगाच्या चौकटीत लाल, हिरवा, निळा यांचे आकडे चार-पाच तऱ्हेने बदलून बघतात आणि ज्या कागदावर काम करायचं त्याच कागदावर छोट्या चौकोनांची पट्टी छापतात. शाई वाळायला दहा मिनिटं देतात. मग दाराशी जाऊन, ट्यूबलाइटच्या नाही, दिवसाच्या उजेडात बघतात. जुळलेला रंग वर्डमध्ये गिऱ्हाइकाच्या नावाने जपून ठेवतात: 'आगाशे आंबा', 'बी विंग हिरवा', 'कमळ कोकम'. पट्टीवर आकडे लिहून ती बिस्किटांच्या डब्यात जाते. आणि एक नियम कधी मोडायचा नाही. गिऱ्हाईक जो नमुना हातात घेऊन येईल त्याच्याशीच जुळवायचं, आठवणीशी नाही. आठवणीतले रंग माणूस सोयीने धुतो, असं त्यांचं म्हणणं.

मागच्या महिन्यात मुलाने, मुकुलने, आईला नवा कॉम्प्युटर आणि नवा प्रिंटर आणून दिला. जुनं दोन्ही भंगारात गेलं.

"आई, फाइली सगळ्या आणल्यात बरं का."

"आणि रंग?"

"फाइलीत असतातच ना रंग."

अर्धं खरं होतं. फाइलीत आकडे होते. पण नावानिशी जपलेली रंगांची यादी जुन्या यंत्राबरोबरच गेली. आणि जे आकडे होते त्यांना नवा प्रिंटर जुमानेना. कमळचा कोकमी त्याने वांग्यासारखा छापला.

"इंजिनिअर झालास," ताई मुलाला म्हणाल्या, "पण तुला कोकम आणि वांग्यातला फरक आमटीत पडल्यावरच कळणार."

त्याच तिरमिरीत त्यांनी डब्यातल्या सगळ्या पट्ट्या केरात टाकल्या. जुन्या शाईच्या पट्ट्या कशाला हव्यात? मेलेल्या माणसाच्या मापाचे कपडे!

पुढच्याच आठवड्यात, सकाळी दहाला, कमळ आली. मानखुर्दहून, कुर्ल्याला गाडी बदलून, मसाला भरलेल्या दोनशे कोऱ्या पाकिटांची गोणी घेऊन. कमळचं घराणं मासेवाल्यांचं. ती बाजारात सुकी मच्छी विकते आणि घरी केलेला मच्छीचा मसाला खाकी पाकिटांतून देते. पाकिटावर कोकमी लेबल. अर्ध्या बायका नाव वाचत नाहीत, 'तो कोकमी पुडा दे' म्हणतात. ती ताईंना पहिल्या दिवसापासून अगं-तुगं करते आणि ताईंना ते आवडतं.

"ताई, वाट लागली माझी."

"बस आधी. काय झालं?"

झालं होतं असं. घाटकोपरच्या एका मोठ्या दुकानाने तिची दहा पाकिटं ठेवून बघितली होती. ती खपली, म्हणून दोनशे मागितली. नेमका तेव्हा ताईंचा कॉम्प्युटर बदलायचा चाललेला, म्हणून कमळने मुलुंडच्या एका काचेच्या दारांच्या छपाई दुकानातून लेबलं छापून घेतली. ती आली चॉकलेटी. घाटकोपरच्या दुकानदाराने सगळा माल परत केला. रंग बदलला की लोक नकली समजतात, म्हणाला. आता हा दुसरा आणि शेवटचा मोका होता. आज चारपर्यंत दोनशे पाकिटं, नमुन्यासारखीच, नाहीतर दुकानातली ती फळी दुसऱ्याला.

"काचेचं दुकान!" ताई फणकारल्या. "एसी लावतात, गाणी लावतात, आणि रंग पडद्यावर बघून छापतात. नमुना आणलायस?"

कमळने पिशवीतून एक पाकीट काढलं. दुकानदाराने पहिल्या दहांतलं एक काचेच्या कपाटात मांडून ठेवलेलं, ते ती मागून घेऊन आली होती; घरी जुनं एकही उरलं नव्हतं.

ताईंनी ते दाराशी नेऊन पाहिलं आणि कामाला लागल्या. पहिली पट्टी फार तांबडी. दुसरीत निळा वाढवला, तर जांभळं झालं. तिसरी, चौथी. नमुन्याचा रंग मळकट होता, पिवळ्याकडे झुकलेला. त्याला पोहोचायला हिरव्याचा आकडा चढवावा लागत होता. बारा वाजले. ताईंनी मुलाला नावं ठेवली, प्रिंटरला ठेवली, शाई विकणाऱ्याला ठेवली. शेवटी सातव्या पट्टीतला तिसरा चौकोन नमुन्याशी असा जुळला की कड दिसेना.

"बघ," त्या विजयाने म्हणाल्या. "याला म्हणतात जुळवणं."

कमळने चौकोन पाहिला, नमुना पाहिला आणि दोन्ही खाली ठेवलं.

"काय गं? तोंड का पाडलंस?"

"जुळलाय गं. पण हा माझा रंग नाय."

"हातात नमुना आहे तुझ्या!"

"ताई, हा नमुना दोन महिने काचेत उन्हात बसलाय." कमळने पाकीट हातात फिरवलं. "अगं, ऊन काय करतं ते मला विचार ना. उन्हात टाकलेल्या बोंबलाशी जुळवून ताजा बोंबील शोधतेस तू. डोळे आहेत की बटणं?"

इतकी वर्षं लोकांना मारलेला दगड असा घरी परत आलेला ताईंनी प्रथमच पाहिला. त्यांनी चष्मा काढून पुसला. तो मळलेला नव्हता.

"मग खरा रंग आणायचा कुठून? पट्ट्या मी टाकल्या." हे वाक्य त्यांनी खालच्या आवाजात म्हटलं. "जुन्या आकड्यांचं हे नवं गाढव ऐकत नाही."

पाकिटाचं तोंड कमळ नेहमी पुढच्या बाजूला दुमडून पिना मारते, लेबलाची वरची बोटभर पट्टी घडीखाली जाते. तिने नखाने दोन्ही पिना उचकटल्या आणि घडी उघडली. खाली बोटभर कोकम होतं. गडद, ओलसर वाटणारं, आत्ता सोललेल्या फळाच्या सालीसारखं.

"घे," ती म्हणाली.

त्यानंतरच्या दोन पट्ट्या मात्र ताईंनी कुणालाही नावं न ठेवता छापल्या. नवव्या पट्टीतला दुसरा चौकोन जुळला. दोनशे लेबलं दीड वाजता वाळून तयार झाली. दोघींनी मिळून पाकिटांवर चिकटवली, घड्या घातल्या, पिना मारल्या.

"पण तो त्याच्या विटक्या नमुन्याशीच ताडून बघणार," निघताना ताई म्हणाल्या. "नमुना परत नेतेयस ना?"

"नेते. उघडाच नेते."

साडेचारला फोन आला.

"ताई, बोलला, हा वेगळा आहे. मी घडी उचलून दाखवली. बोटाने घासून बघितलंन त्याने, शहाण्याने! मग नवीन पाकीट बाजूला धरलं."

"आणि?"

"फळीवर लागली सगळी. नमुना पण नवाच ठेवलाय त्याने. सावलीत ठेव बोलले मी."

फोन ठेवून ताईंनी नवा रंग जपून ठेवला. 'कमळ कोकम'. पट्टी कापून, आकडे लिहून, रिकाम्या डब्यात टाकली आणि झाकण घट्ट लावलं. सकाळचा तो मळकट, पिवळ्याकडे झुकलेला रंग अजून पडद्यावर तसाच होता. तो पुसून टाकणं सोपं होतं. पण ताईंनी तोही जपला, त्याचीही पट्टी कापून डब्यात टाकली, आणि नावाच्या जागी जरा थांबून टाइप केलं: 'सुहासिनी'.

संध्याकाळी मुकुल न्यायला आला. डब्यातल्या दोनच पट्ट्या आणि पडद्यावरचं नाव पाहून त्याने विचारलं, "आई, हा कसला गं रंग? तुझ्या नावाचा?"

"तुला नाही कळायचा," ताई म्हणाल्या. पण नेहमीचं ते पुढचं, बटणांचं, म्हणाल्या नाहीत.