तीनचाकीच्या पोटातली पेज

सर्व लहानथोरांना, अंमलदारांना आणि रयतेला अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, नारायणगडच्या जत्रेच्या दिवशी सकाळी, तालुकदारसाहेबांच्या कोठीमागच्या अंगणात, अख्ख्या बीड जिल्ह्यातल्या एकुलत्या एका तीनचाकी मोटरसायकलीच्या पोटातून जवसाची पेज निघाली. शिजलेली. गूळ घातलेली.

चव मी घेतली नाही. गुळाचं मी वासावरून सांगतो.

मी त्या मोटरचा मिस्त्री, नागोराव. मूळ गाव तलवाडा. निजाम सरकारच्या अमलात मोटर ही हैदराबादेला जाऊन बघायची चीज होती. मी सिकंदराबादेला एका मोटरखान्यात काम शिकलो. पुढे आमचे तालुकदारसाहेब, म्हणजे जिल्ह्याचे मुख्य अंमलदार, बदलून बीडला आले तेव्हा त्यांनी ही गाडी आणली आणि गाडीबरोबर मला. जालन्यापर्यंत आम्ही दोघं रेल्वेने आलो. पुढे गोदावरी तिने नावेत बसून ओलांडली आणि बाकीची वाट मी तिला चालवत आणली. वाटेतल्या प्रत्येक गावाने कामधंदा सोडून आम्हाला पाहिलं. मला त्याचा अभिमान होता. अजून आहे, आणि कमी होण्याचं काही लक्षण नाही.

गाडी कशी होती ते सांगतो. मागे एक चाक, पुढे दोन. मागच्या खोगिरावर मी, हातात हँडल. पुढच्या दोन चाकांच्या मधे एक गादीची खुर्ची, तिच्यात साहेब. साहेबांच्या पुढे फक्त रस्ता. इंजिन माझ्या गुडघ्यांमधे, आणि त्याला गार ठेवायला पाण्याचा रेडिएटर. पितळी नळ्यांचा, वर टोपण, खाली तोटी.

आदल्या दिवशी साहेबांनी बिंदुसरेच्या काठापर्यंत फेरी मारायचं ठरवलं. येताना नदीच्या चढावर गाडीने फुस्स केलं आणि टोपणाखालून वाफ सोडली. साहेब वाफेत दिसेनासे झाले. कचेरीतले कारकून काठावर उभे होते, ते अंमलदाराला हसायची सोय नाही म्हणून एकमेकांकडे बघून खोकले.

साहेब खुर्चीतून उतरले. चेहरा लाल.

“मिस्त्री, कल सुभेदारसाहब औरंगाबाद से जत्रे में आ रहे. मैं गड पे मोटर में बैठ के जाऊंगा. चढ गई तो रहेगी. नहीं चढी तो जालने के सेठ को बेच दूंगा. मोटर बी गई, मिस्त्री बी गया.”

सुभेदार म्हणजे साहेबांचेही वरिष्ठ. एवढं बोलून साहेब मागून आणलेल्या घोड्यावरून कोठीवर गेले. मी गाडी ढकलत नेली. बायकोपोरांना तलवाड्याहून नुकतंच बीडला आणलं होतं. चूल मांडून झाली होती, शेजाऱ्यांशी पहिलं भांडणही झालं होतं, म्हणजे संसार लागलाच म्हणायचा. आता सगळं उचलून परत सिकंदराबादेला जायचं, तेही एका फुस्सवरून?

वाफ का आली ते मला तिथेच कळलं होतं. आमच्या गाडीला पाणी फिरवायला पंप नव्हता. इंजिनभोवतीचं पाणी तापलं की हलकं होतं आणि वरच्या पाईपने रेडिएटरमधे चढतं. तिथे वाऱ्याने निवलं की जड होतं आणि खालच्या पाईपने परत इंजिनकडे येतं. रहाटगाडगंच, फक्त बैल नाही. पण त्याला एक अट आहे. पाणी वरच्या पाईपच्या तोंडाच्या वर पाहिजे. त्याखाली गेलं की फेरा तुटतो. मग इंजिनजवळचं पाणी जागच्या जागी उकळतं आणि साहेब वाफेत दिसेनासे होतात.

पाणी कमी झालं होतं, कारण खालच्या एका नळीच्या सांध्यातून थेंब थेंब गळत होतं. लीक. संध्याकाळी मी पाणी भरून ठेवलं, खालच्या फरशीवर ओल दिसत होती ती पाहिली आणि सकाळी सोल्डर, म्हणजे कथलाचा डाग, लावायचं ठरवून घरी गेलो.

सकाळी येऊन टोपण उघडलं. पाणी नेहमी इंजिन गार असताना बघायचं, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. गरम असताना टोपण उघडलं तर वाफ थेट तोंडावर येते. गार होतं. बोट घातलं. बोट आत गेलं आणि बाहेर यायला तयार होईना.

मी तोटी उघडली. काही आलं नाही. खालचा रबरी पाईप काढला, तेव्हा मोठा विचार करून एक तपकिरी गोळा बाहेर आला आणि फरशीवर बसला. मागोमाग दुसरा. जवसाचा आणि गुळाचा वास.

या कोठीत जवस एकाच माणसाकडे असायचं. साहेबांच्या घोड्याचा साईस सटवाजी. धनगराच्या घरात वाढलेला, जनावराच्या श्वासावरून त्याचं दुखणं ओळखणारा. मोटर आल्यापासून तो मला रोज ऐकवायचा, “माझं घोडं पानी पितंय नागोराव, पर उकळत न्हाई.”

“सटवाजीमामा!” मी ओरडलो. “हे काय घातलं हिच्या पोटात?”

तो घोडा घासायचा खरारा हातात घेऊनच आला. गोळ्यांकडे बघितलं आणि त्याचा चेहरा खुलला. “लागू पडली व्हय? बाहेर टाकलं न्हवं?”

“काय टाकलं?”

“उष्णता. काल चढावर बिचारी तोंडातून वाफा काढत व्हती. तू गेलतास घरी. म्या म्हनलं, मुका जीव हाय, कोन बघनार? आतलं पानी बादलीत काढलं अन् घोड्याला देतो तसली पेज घातली. तिला थोडी जास्तच दिली, थोराड हाय म्हनून.”

“मामा, ते यंत्र आहे!”

“यंत्र हाय तर पानी काहून पितंय?”

याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण लांबलचक होतं, आणि वेळ नव्हता. शिवाय खरं सांगतो, माणसाच्या डोळ्यांत खोट नव्हती. मोटर विकली गेली तर सगळ्यात मोठा फायदा त्याच्या घोड्याचा होता, तरी हा गडी रात्री उठून तिच्यासाठी जवस शिजवत बसला होता. रागावणार कुणावर?

तेवढ्यात साहेब गच्चीवर आले. “मिस्त्री! ये क्या निकाला?”

सटवाजीने खरारा पाठीमागे लपवला.

“हुजूर, मोटरचं पोट साफ करतोय,” मी म्हणालो. “गड चढायचाय.”

“जुलाब?”

“तसंच समजा, हुजूर.”

साहेबांनी समजून घेतल्यासारखी मान हलवली. त्यांचे वडील हकीम होते.

मग मी कामाला लागलो. ते काम मी कसं केलं हे सांगताना माझी छाती फुगते, त्याला इलाज नाही. आधी साधं गरम पाणी घालून जेवढी पेज निघेल तेवढी काढली. मग धुण्याचा सोडा गरम पाण्यात विरघळवून आत भरला, इंजिन चालू केलं आणि ते पाणी आतून फिरू दिलं. सोडा बुळबुळीत आणि तेलकट सगळं सोडवतो. इंजिन निवू दिलं, तोटी उघडली, घाण सोडली. घाईने तापल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर सिलिंडर तडकतं, ते बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं असतं. (बीडात बिडाचं, हा विनोद कचेरीतल्या एका कारकुनाने इतक्या वेळा केला की त्याच्यावरचा माझा हक्क मी सोडून दिला आहे.) पुन्हा साधं पाणी घातलं, पुन्हा सोडलं. शेवटी तोटीतून येणारं पाणी काचेसारखं नितळ झालं आणि बोटांना बुळबुळीत लागेना.

नवं पाणी भरायचं ते उकळून, निववून, गाळून. आमच्याकडच्या आडाचं पाणी जड, तसंच भरलं तर चहाच्या किटलीत धरतो तसा पांढरा थर नळ्यांत धरतो. मी स्वैपाकघरातून उकळलेलं पाणी आणलं, माझ्याच पागोट्याच्या टोकातून गाळलं आणि वरच्या पाईपच्या तोंडावर बोटभर येईपर्यंत भरलं. अगदी काठोकाठ भरायचं नसतं. तापलं की पाणी फुगतं, त्याला जागा लागते.

उभा राहिलो. पाठ सरळ केली. फरशीवर टपकन आवाज आला.

लीक! तीच नळी, तोच सांधा. पेजेच्या गोंधळात मी सोल्डर विसरलो होतो. धावत कल्हईवाल्याकडे माणूस पाठवला, कारण डाग द्यायचं कथील आणि भट्टी त्याच्याकडे. माणूस परत आला. कल्हईवाला पहाटेच जत्रेला गेला होता. का नाही जाणार? एवढ्या भांड्यांची गर्दी वर्षात दुसरीकडे कुठे?

टप. टप. गडापर्यंत पोहोचेतो पाणी पाईपच्या खाली जाणार, चढावर पुन्हा फुस्स, सुभेदारसाहेबांच्या डोळ्यांसमोर.

मी फरशीकडे बघत बसलो, आणि अचानक मला एक गोष्ट लक्षात आली. काल संध्याकाळी फरशी ओली होती. आज सकाळी मी आलो तेव्हा ती कोरडी ठणठणीत होती. रात्रभर पोटात पेज होती आणि रात्रभर एक थेंब गळला नव्हता.

“मामा, जवस आहे का अजून?”

सटवाजी दोन पावलं मागं सरला. “आता मला खायला लावतोस का काय?”

“बारीक पूड कर. चिमूटभर.”

“चिमटीत काय हुतंय एवढ्या जनावराला?”

“मामा, ही चिमूट पोटाला नाही, भोकाला.”

त्याने पाटा धुऊन पूड करून दिली. ती कोमट पाण्यात कालवून रेडिएटरमधे सोडली आणि इंजिन चालू केलं. पूड पाण्याबरोबर फिरते, गळत्या सांध्याशी ओढली जाते आणि तिथे फुगून बसते. चिमूट असेल तर भोक बुजतं. पातेलंभर असेल तर सगळंच बुजतं. मी जमिनीवर आडवा होऊन नळीकडे बघत राहिलो, शेजारी सटवाजी आडवा. टप. बराच वेळ गेला. टप. मग आणखी बराच वेळ, आणि काही नाही.

“थांबलं बे!” सटवाजीने माझ्या पाठीत गुद्दा घातला. तो गुद्दा मला बक्षीस म्हणून पोहोचला.

निघालो. साहेब खुर्चीत, शेरवानी, फेटा. बाजूला पाण्याने भरलेली छागल बांधलेली. मागून सटवाजी घोड्यावर. रस्ताभर जत्रेच्या गाड्या, बैल आमच्या आवाजाने कान टवकारत. गडाच्या पायथ्याशी मी गाडी थांबवली आणि पाणी बघितलं. तापलेल्या गाडीचं पाणी बघायचीही रीत आहे. ओलं फडकं टोपणावर टाकायचं, अर्धा आटा फिरवायचा, वाफ सुस्कारा टाकून निघून जाऊ द्यायची, मगच काढायचं. पाणी पाईपच्या वर होतं. एक थेंब कमी नाही. मी टोपण लावताना साहेबांनी विचारलं, “चढेगी?”

“चढेल हुजूर.”

पायथ्याशी शेतकरी पोरं दोरखंड आणि दोन बैलजोड्या घेऊन तयारच होती. कुणीतरी आधीच खबर दिली होती. “मिस्त्री, दोर बांधू का आत्ताच?” एकजण हसत ओरडला. “मागनं लई शरम वाटंल!”

उत्तर इंजिनाने दिलं. चढ सुरू झाला. अर्ध्यावर गाडी मंद झाली, मी उतरून हँडल धरून बाजूने पळू लागलो, म्हणजे माझं वजन तरी कमी. टोपणापाशी वाफेचा एक धागा दिसला. साहेब खुर्चीत ताठ झाले. “मिस्त्री! धुवां!”

“धूर नाही हुजूर, घाम आहे! चालू द्या!”

धागा धागाच राहिला. गाडी धापा टाकत, दगड उडवत, पोरांना दोरखंडासकट मागे टाकत वर गेली आणि सुभेदारसाहेबांच्या शामियान्यासमोर जाऊन उभी राहिली. बंद पडली नाही. मी बंद केली, स्वतःच्या हाताने, सावकाश. लोकांनी भंडारा उधळावा तसा आरडाओरडा उधळला. सटवाजी घोडा पुढे काढून आला आणि रेडिएटरवर हात ठेवून भाजून घेतला, पण ओरडला नाही.

यातून घ्यायचा धडा एवढाच. पाणी सकाळी, गार इंजिनात बघावं. आणि औषध कुणाचं का असेना, माप आपलं ठेवावं.

सुभेदारसाहेबांनी गाडीभोवती फेरी मारून हार घातला. गाडीला, मला नाही. तालुकदारसाहेबांनी खुर्चीत उभं राहून, सगळ्या जत्रेला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, “ये मोटर बीड में यहीच रहेगी! और ये मिस्त्री बी यहीच रहेगा!” पुन्हा आरडाओरडा. साहेब रुबाबात खाली बसले आणि निघायची खूण केली.

मी गाडी वळवली. तिचं तोंड उताराकडे झालं. साहेबांच्या पुढे आता ना हँडल, ना ब्रेक, ना माणूस. नुसता गडाचा तो उभा उतार, थेट पायथ्यापर्यंत. त्यांनी क्षणभर खाली बघितलं, दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली, आणि सुभेदारसाहेब शेजारी उभे आहेत हे साफ विसरून माझ्याकडे वळून ओरडले,

“मिस्त्री, अब उतरना कैसा बे?”