दोन फळ्यांचा माळा

छापखाना बंद पडला, छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवायचं काम तर त्याच्याही आधी गेलं; पण गल्लीत जुळारीकाकांना दुसऱ्या नावानं कुणी हाक मारल्याचं आठवत नाही.

त्यांच्या घराच्या माळ्याला जमीनच नव्हती. नुसत्या आडव्या तुळया आणि खाली पातळ छत. घर घेतलं तेव्हा फळ्या ठोकणं राहून गेलं, आणि नवराबायकोनं आपली एक तऱ्हा बसवली. काकांनी दोन सुट्या फळ्या घेऊन वर चढायचं. एकीवर बसायचं, दुसरी पुढे सरकवायची, मग तिच्यावर जायचं. काकूंनी शिडी धरून खालून एकेक वस्तू द्यायची. छापखान्यात नेहमी लागणारे खिळे हाताशी आणि क्वचित लागणारे कडेला असत; काकांनी माळाही तसाच लावला. लेक लहान असताना पाळणा तोंडाशी होता. ती वाढत गेली तसा तो मागे मागे जात पार वळचणीला पोचला.

एकदाच घोटाळा झाला. काकांचा तोल गेला आणि स्वयंपाकघराच्या छतातून त्यांचा एक पाय गुडघ्यापर्यंत खाली आला. काकू धावत आत गेल्या, वर पाहिलं आणि म्हणाल्या, “अहो, मोजा फाटलाय!”

“इथे मी लटकलोय आणि तुला मोज्याचं पडलंय!” वरून आवाज आला. मग दोघंही इतकी हसली, की पाय वर ओढायला बराच वेळ लागला.

लेक सासरी गेली त्या आठवड्यात काका तिची पुस्तकं ठेवायला वर चढले, ते खाली येईनात.  काकूंनी एक धुतलेलं फडकं तेवढं वर केलं. “धूळ फार असेल ना हो?” काकांना अंधारात काकूंचे हात तेवढे दिसले.

आता लेकीनं निकरावर आणलं होतं. “बाबा, सत्तरी उलटली तुमची. एकतर फळ्या ठोकून घ्या, नाहीतर माळा रिकामा करा. ही सर्कस पुरे!” आणि तिनं सुतार पाठवून दिला.

सुतारानं मापं घेतली. “चांगली रुंद शिडी करू, काका. धरायला कठडा. मग तुम्ही एकटेच काढा-ठेवा. काकूंना उठवायलाही नको.”

‘एकटेच’ म्हटल्याबरोबर काकांचा चेहरा पडला. बाकी घरात दोघांची कामं वेगळी होती. दोघांशिवाय होत नाही असं हे एकच काम उरलं होतं. “राहू द्या,” ते म्हणाले. “चाललंय ते बरं चाललंय.”

सुतार टेप गुंडाळू लागला तोच काकू दारात आल्या. “थांबा हो जरा. मला कुणी विचारलंय का?”

“तुला काय विचारायचं? तुला कुठे वर जायचंय?”

“तेच तर! इतकी वर्षं सगळं मीच हातानं वर दिलं, पण कुठे काय ठेवलंय ते एकदाही डोळ्यांनी पाहिलं नाही. त्या दोन फळ्यांवर माझी चढायची छाती नाही. माझाच संसार, आणि मला त्याची नुसती ऐकीव माहिती!”

 आपल्याला जे सुख वाटत होतं, त्यातलं निम्मं हिच्या वाट्याला आलंच नव्हतं, हे कधी काकांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

“ठोका फळ्या,” ते सुताराला म्हणाले. “आणि कठडा दोन्ही बाजूंनी करा. हिचे गुडघे दुखतात.”

काम झालं त्या दिवशी काकू आधी चढल्या. काका शिडी धरून खाली. वर खोकी सरकल्याचे आवाज, मग बराच वेळ काहीच नाही.

“काय करतेस गं एवढा वेळ?”

“बघतेय,” काकू म्हणाल्या. मग लगेच, “अहो, कसं लावलंय हे! लोकरीचे कपडे उघड्यावर?”

“मग येऊ का मी वर?”

“या की. आता दोघांना बसायला जागा आहे.”