श्राद्धाची कारली

मुलांनो, आजी, आम्ही पाठवलेल्या भाज्या शेजारी का देऊन टाकल्यास, असं तुम्ही परवा फोनवर विचारलंत. तेव्हा थकले होते, नीट सांगता आलं नाही. म्हणून आता लिहिते. बाबा वाचून दाखवील.

तुमच्या आजोबांचं श्राद्ध कार्तिकात येतं. इथे दक्षिणेत तेव्हाच पावसाचा जोर असतो. शेतांत पाणी साचतं, वेल कुजतात, आणि त्यातच लग्नाचे मुहूर्त आले की उरलीसुरली भाजी आचारी पहाटेच उचलून नेतात. पुढे पोंगलला, म्हणजे संक्रांतीला, हीच भाजी बाजारात ढिगानं पडलेली असते. कोबी, गाजर, बीन्स डोंगराकडून येतात, त्या बाराही महिने मिळतात. पण त्यांना इथे इंग्लिश भाज्या म्हणतात, आणि श्राद्धाला त्या चालत नाहीत. तुमचा खोका नेमका त्यांनीच भरलेला होता. तुमचा दोष नाही, तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

विधी माझे दीर करतात, पापनाशमहून येऊन. यंदा मठातच उरकू, वहिनी, स्वयंपाकाचंही तेच बघतील, असं ते म्हणाले. माझे गुडघे त्यांच्याच बाजूचे. शेवटी ठरवलं, श्राद्धाला लागतातच ती कारली मिळाली तर घरी, नाही तर मठात.

राजवाड्यामागच्या गल्लीतल्या भाजीवालीची माझी जुनी ओळख. तिच्याकडे थोडी कारली होती, बोटाएवढी, डागाळलेली. भाव ऐकून मी पिशवीची घडी घातली.

"तुमच्या यजमानांना तै महिन्यात बोलवा की, अम्मा," ती म्हणाली. तै म्हणजे पोंगलचा महिना. "तेव्हा स्वस्तात जेवतील."

तिथी माझ्या हातात नाही, मी म्हटलं.

"आणि पाऊस माझ्या हातात आहे?"

घासाघीस करायचं त्राण दोघींतही नव्हतं. मी कारली घेतली. तिनं वर कढीलिंबाची काडी टाकली, न मागता.

आजोबांना कारलं मुळीच आवडत नसे, पानात कडेला सारून ठेवायचे. तरी मी ती चिरली. परसातली कच्ची केळी उतरवून घेतली. स्टुलावर बसून, मध्ये मध्ये थांबत, सगळं शिजवलं.

जेवून उठताना दीर म्हणाले, पुढच्या वर्षी मठातच. मी नाही म्हटलं नाही.

पुढचं ठाऊक नाही. परसातली केळ अजून आहे, आणि यंदाचं श्राद्ध घरच्याच चुलीवर झालं.