नफीसाबाजीनं अस्तर उसवलं तेव्हा

दुकानात एका बाईनं ब्लाउजची पाठ निरखत विचारलं, "हे जिनं केलं तिचं नाव काय हो?" मला सांगता येईना. नागपुरात मी ब्लाउज शिवून विकते. दोन वर्षं एका व्यापाऱ्याकडून जरदोजीचं, म्हणजे जरीचं भरतकाम केलेल्या तयार पाठी घेत होते आणि प्रत्येक ब्लाउजला कार्ड लावत होते: 'भोपाळच्या महिलांच्या हातचं काम'. त्यातली एकही महिला मी पाहिलेली नव्हती! म्हटलं, बस्स, आता त्यांच्याकडूनच थेट काम घ्यायचं. "सीझनच्या तोंडावर?" असं नवरा म्हणाला, पण तोवर तिकीट काढून झालं होतं.

नागपूरहून सकाळची गाडी धरा, सहा-साडेसहा तास लागतात. डबा घरचाच बरा. इटारसीच्या गारढोण ब्रेडपकोड्याच्या वाटेला जाऊ नका. मुक्काम भोपाळच्या बरखेड्यात, सुधामावशीच्या क्वार्टरमध्ये. काका तिथल्या कारखान्यात आहेत. लग्नाकार्यात द्यायचे जरदोजीचे बटवे मावशी जुन्या शहरातल्या नफीसाबाजीकडून करून घेते, म्हणून पत्ता तिच्याकडेच मिळाला. "गाडी नको नेऊस गं, तिथं पार्किंगची फार दिक्कत आहे. आणि भाव करायला लाजू नकोस," असं तिनं बजावलं.

दुसऱ्या दिवशी पोहे-जिलबी हाणून निघाले. चौक बाजारापर्यंत रिक्षावाल्यानं दोनशे सांगितले, दीडशेवर आणला. पुढे गल्ल्या अरुंद, पायीच जावं लागतं. शुक्रवारी दुपारी मात्र जाऊ नका, काम बंद असतं.

माडीवरच्या खोलीत लाकडी चौकटीवर मखमल ताणलेली आणि तिच्याभोवती चार बायका मांडी घालून बसलेल्या. साठीच्या नफीसाबाजीनं मिठाचा चहा दिला. पहिल्या घोटाला तोंड वाकडं झालं, दुसरा कप मीच मागितला. मग मोठ्या ऐटीत माझी एक पाठ काढून, कार्डासकट, तिच्या हातात दिली. म्हटलं, असं काम हवंय.

पुढची बाजू तिनं पाहिलीसुद्धा नाही. पाठ उलटी केली. मागे अस्तर शिवलेलं होतं. उसवू का, विचारलं आणि छोट्या कात्रीनं ते सोडवलं. आत पांढरा दोरा, सगळीकडे एकसारखा.

"ये मशीन का है, दीदी," ती शांतपणे म्हणाली. मग स्वतःची चौकट तिरकी करून मला खालची बाजू दाखवली: गाठी, दोऱ्यांची टोकं, कुठं जाड कुठं बारीक.

तिच्या शेजारच्या शाहानानं कार्ड उचललं. मराठी असलं तरी 'भोपाळ' आणि 'महिला' तिला वाचता येतच होतं.

"ये हमारे नाम से बिका?"

हो म्हटलं मी. गेल्या दोन वर्षांत ब्लाउजचं काम आटलं, सहापैकी दोघी धुणीभांडी करायला लागल्या, हे तिथंच कळलं. व्यापाऱ्याचा संताप आलाच, पण त्याहून जास्त माझा. वीस वर्षं शिवणकाम करते मी, आणि आयतं लावून आलेलं अस्तर एकदाही उचकटून बघू नये?

तरी उठले नाही. दिवाळीपर्यंत चाळीस पाठी मागितल्या. नफीसाबाजीनं नकारार्थी मान हलवली. म्हणाली, एका पाठीला दोघी मिळून चार दिवस लागतात. चाळीस हव्या म्हटल्या की मशीनवाल्याकडेच जावं लागतं. मी आठवर आले. मागे अस्तर लावायचं नाही, ही अट तिची. भाव तिनं सांगितला तोच. चौघींची नावं विचारून वहीत लिहून घेतली. भाव केला नाही म्हणून मावशी संध्याकाळी रागावली, मी ऐकून घेतलं आणि परतीची गाडी पकडली.

घरी नवरा म्हणतो, गुपचूप नवा माल लाव, कोणाला कळतंय? मला कळतंय ना! उरलेली कार्डं फाडली. आता उघडच सांगते: दोन वर्षांत माझ्याकडून हातचं म्हणून ज्यांनी ब्लाउज नेले, त्यांना मी मशीनचं काम विकलं. चूक माझी आहे. ब्लाउज घेऊन या, बदलून देईन. तुमचा नंबर पुढच्या उन्हाळ्यात लागला तरी नफीसाबाजीला मी घाई करणार नाही.