तगरीवरची अळी

मुरबाडजवळच्या आमच्या गावात परसात काहीही वळवळलं की ते माझ्याकडे यायचं. काडेपेटीतून, केळीच्या पानातून, एकदा तर देवाच्या तांब्यातून. मी शहापूरच्या एका रोपवाटिकेत कामाला होतो आणि शेतकीची पदविका घेतलेली होती, एवढ्यावर लोकांनी मला किड्यांचा डॉक्टर करून टाकलं. लोकांना अक्कल नसते असं मी तेव्हा मानत असे. आजही मत फारसं बदललेलं नाही, फक्त त्या लोकांत आता स्वतःला धरतो.

खरं म्हणजे मला पाच-सहाच अळ्या ओळखता येत. शेणखतात वाटोळी होऊन पडलेली ती हुमणी. पाठीची कमान करत चालते ती उंट अळी. लिंबाच्या पानावर पाखराच्या शिटेसारखी दिसते, डिवचली की डोक्यातून नारिंगी शिंग काढून वास सोडते, ती लिंबावरची. अंगभर केस असले की सुरवंट. बाकीच्यांना तोंडाला येईल ते नाव ठोकायचो. एकानं विचारलं, "भाऊ, हा नर का मादी?"

"मादी."

"तरीच सगला पाला खाल्लान!" म्हणाला आणि समाधानानं घरी गेला. असल्यांना खरं सांगून करायचंय काय?

आमच्याच घराच्या दुसऱ्या निम्म्या भागात वहिनी राहायची. भाऊ कसाऱ्याला रेल्वेत, आठवड्यातून एकदा उगवायचा. त्यांना मूल नव्हतं. माझी बायको शाळेत शिकवायला जायची, म्हणून आमची पाच वर्षांची पोरगी दिवसभर वहिनीकडे. तिचं जेवण, तिची वेणी, तिची दुपारची झोप, सगळं वहिनीच बघायची. संध्याकाळी मी न्यायला गेलो की दारापर्यंत येऊन म्हणायची, "उद्या लवकर धाडा हां, भावजी." मला तो लोचटपणा वाटायचा. दुसऱ्याच्या पोरीवर इतका जीव टाकायचाच कशाला, असं मनात यायचं.

पाऊस सरता सरता माझ्या घेवड्यावर मावा पडला. एका सकाळी मी फवारणी केली. डब्यावर लिहिलं होतं त्याहून औषध जास्त घेतलं. कमी घेतो तो भित्रा, अशी आमची सगळ्यांचीच समजूत. मग कामाला निघून गेलो. वहिनीला सांगितलं नाही. तिला काय कळतंय औषधातलं!

संध्याकाळी परत आलो तर अंगणात गर्दी. पोरीचे दोन्ही हात कोपरापर्यंत लाल, सुजलेले, आणि ती रडून रडून बेजार. सुरवंट लागला असणार म्हणून कुणीतरी घोंगडीच्या तुकड्यानं हात पुसत होतं; सुरवंटाचे केस घोंगडीला चिकटून निघतात. एकही केस निघत नव्हता. ते मी बघितलं.

वहिनी पुढं आली. "सुरवंट नाय हो लागला, भावजी. ती तर दुपारभर घेवड्याच्या मांडवात व्हती. शेंगा खुडीत."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला तेवढ्यात वहिनीच्या कुडाकडची तगर दिसली. तिच्या पानावर बोटाएवढी हिरवी अळी होती. पुढच्या अंगावर निळे दोन डोळ्यांसारखे ठिपके, शेपटाला पिवळसर आकडा. ज्या मोजक्या अळ्या मला खरोखर माहीत होत्या, त्यांतली ही एक. चावत नाही, डसत नाही, तिचा तो आकडा मऊ असतो. तळहातावर चालवलेली होती मी.

मी फांदी वाकवून सगळ्यांना दाखवली. "ही बघा. शेपटाला काटा आहे. विषारी जात."

"काय म्हनायची हिला?"

"शिंगाळी," मी म्हटलं. नाव त्याच क्षणी सुचलं होतं. मग वहिनीकडे वळलो. "मांडवात कुठली जातेय ती? तुमच्या तगरीखाली खेळली असणार. लक्ष कुठं होतं तुमचं?"

वहिनीनं एकदा मांडवाकडे बघितलं, एकदा अळीकडे. "आसंल बा," ती म्हणाली. "माजाच डोला लागला आसंल."

दुपारभर स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं तिनं माझ्या एका बनावट शब्दापुढं सोडून दिलं. त्या वेळी मला तिची कीवसुद्धा आली नाही. बरं झालं, एवढंच वाटलं.

मुरबाडच्या डॉक्टरला मात्र मी खरं सांगितलं, बायको गोळ्या आणायला बाहेर गेल्यावर. पोरगी बरी झाली. बायको म्हणाली, "आता तिकडे नको पाठवायला. मी शाळेत घेऊन जाईन." मी म्हटलं, "बरं."

त्यानंतर एका सकाळी कुडापलीकडून कोयत्याचे घाव ऐकू आले. वहिनी हाक मारून म्हणाली, "भावजी, तगर काढली मी. आता धाडा पोरीला."

हो म्हणायला काय जात होतं? पण पोरगी तिच्याकडे गेली की बोलणार, मांडवाचं नाव काढणार. "मुळं आहेत की अजून," मी म्हटलं. "अळ्या मुळातून वर येतात."

जगातली कुठलीही अळी तगरीच्या मुळातून वर येत नाही. पतंग पानावर अंडी घालतो हे गावातल्या कुणीही घटकाभर बसून बघितलं असतं तरी कळलं असतं. कोण बसतंय! त्यापेक्षा मला विचारणं सोपं.

"मंग मुलांबी काढते," वहिनी म्हणाली आणि पहार घेऊन आली. तगर जुनी होती. ती दुपारपर्यंत खणत होती. मग पुन्हा हाक आली. "येऊन बघा एकदा, भावजी. कायबी ऱ्हायलं नाय."

मी गेलो. खड्ड्याच्या काठावर उभा राहिलो, पायानं माती चाळवली, वाकून नीट बघितलं, जाणकार बघतात तसं. तिच्या पदराला, कपाळाला, सगळीकडे माती लागलेली.

"थोडे दिवस जाऊ देत," मी म्हटलं.

"किती?"

"सांगतो मी."

ती मान हलवून खड्डा बुजवायला लागली. मी काही सांगितलं नाही. पुढच्या पावसाळ्यात पोरगी पहिलीत बसली, आणि वहिनीनंही विचारायचं सोडलं. ती अजून आहे, तिथंच राहते. तिला वाचता येत नाही, म्हणून तर हे लिहायला मला धीर झाला.